वाहत्या पाण्याचा हिशेब

समुद्रातलं प्लवक मोजायचं म्हणजे ते आधी पाण्यातून वेगळं काढायचं, ही या कामातली इतकी जुनी सवय आहे की तिच्याकडे कोणी पद्धत म्हणून पाहतच नाही. बारीक जाळी होडीमागे ओढायची, तळाच्या बरणीत साचलेला लगदा फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा, प्रयोगशाळेत त्यातला एक मिलिलीटर सेजविक-राफ्टरच्या काचपेटीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखत, नोंदत बसायचं. मालवण बंदरातून निघालेली होडी असो की खोल समुद्रातलं संशोधन जहाज, क्रम तोच. या क्रमाने आपल्याला जे शिकवलं ते अफाट आहे. पण त्यातली एक गोष्ट पहिल्याच पायरीवर हरवते आणि पुढे कितीही भारी भिंग आणलं तरी सापडत नाही. तो जीव पाण्यात होता तेव्हा नेमका कुठे होता, कोणत्या अंगाने वळलेला होता, त्याच्या शेजारी काय होतं, हे बरणीला ठाऊक नसतं. होलोग्राफिक सूक्ष्मदर्शकाचं खरं काम माझ्या मते एवढंच, की ही हरवणारी गोष्ट तो राखतो. त्याचं चित्र जास्त स्पष्ट येतं म्हणून तो घ्यावा असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. चांगल्या सूक्ष्मदर्शकाच्या तुलनेत त्याचं चित्र बरंच वाईट असतं.

प्लवक पाण्यात कुठे, कसं असतं हा वाद यंत्रापेक्षा जुना आहे. १८८७ साली 'प्लँक्टन' हे नाव देणारे व्हिक्टर हेन्सन १८८९ मध्ये 'नॅशनल' जहाजातून अटलांटिकवर गेले ते मोजणी करायला. त्यांची धारणा अशी, की मोठ्या क्षेत्रावर प्लवक बऱ्यापैकी सारखं पसरलेलं असतं, त्यामुळे थोड्या ठिकाणची जाळी ओढून साऱ्या समुद्राचा अंदाज बांधता येतो. पुढच्याच वर्षी एर्न्स्ट हेकेल यांनी त्यावर कडाडून टीका केली: प्लवक झुंडीझुंडीने, थराथराने असतं, आणि अशा सरासरीला अर्थ नाही. दोघांजवळ जाळीच होती, आणि जाळी शंभर मीटर ओढली की त्या शंभर मीटरांतल्या सगळ्या झुंडी एकाच बरणीत कालवल्या जातात. म्हणजे ज्या साधनाने वाद सुटायला हवा तेच साधन पुरावा पुसत होतं. आपल्या समुद्रातलं उदाहरण घ्यायचं तर १९६० ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचं घ्यावं. तिच्यासाठी एक प्रमाण जाळी ठरवली होती: तोंड एक चौरस मीटर, आस म्हणजे जाळीचं भोक सुमारे ०.३३ मिलिमीटर. तिने आणलेले नमुने कोचीच्या जैविक केंद्रात निवडले गेले आणि हिंदी महासागराच्या प्राणिप्लवकाचं पहिलं मोठं चित्र त्यातून उभं राहिलं. पण त्या आसातून काही दशांश मायक्रॉन नव्हे, चांगले शंभर-दोनशे मायक्रॉनचे जीव सुखाने निसटतात. आणि साल्प, लार्व्हेशियन यांच्यासारखे जेलीसारखे जीव अडकले तरी त्यांचं रूप उरत नाही. आस किती ठेवायचा हे ठरवताना समुद्रात काय आहे म्हणून नोंदवायचं हेही आपण ठरवून टाकतो.

होलोग्राम म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं, कारण नोटेवरच्या चमचमत्या पट्टीमुळे त्याबद्दल भलताच समज पसरला आहे. लेझरचा समांतर झोत पाण्यातून समोरच्या कॅमेऱ्याच्या संवेदकावर पाडायचा. मध्ये भिंग नाही, किंवा असलं तरी नेम धरायला नाही. वाटेत एखादा डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, आला की त्याच्या कडांवरून प्रकाश थोडा वळतो, आणि हा वळलेला प्रकाश न वळलेल्या प्रकाशात मिसळून संवेदकावर एकात एक वलयं उमटतात. शांत तळ्यात खडा पडल्यावर काठाशी आलेल्या लाटांचं अंतर आणि वक्रता पाहून खडा कुठे पडला हे काढता यावं, तसं या वलयांवरून तो डायटम किती खोल होता आणि कसा दिसत होता हे गणिताने उलट मागे जाऊन काढता येतं. कल्पना डेनिस गॅबर यांची, १९४७ सालची; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले दोष टाळण्यासाठी सुचलेली. १९७१ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. कल्पना सुचली तेव्हा लेझर नव्हता, तो १९६० मध्ये आला. आणि फिल्मऐवजी संवेदकावर थेट होलोग्राम टिपून संगणकात उलगडणं १९९४ च्या सुमारास रुळलं. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या क्रॉयझर-जेरिको यांच्या गटाने आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या जोसेफ कॅट्झ यांच्या गटाने ही रीत पाण्यातल्या जिवांकडे वळवली. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला जॉन वॉटसन यांनीही मोठे होलोकॅमेरे समुद्रात उतरवले.

यात साधतं काय, तर नेम धरण्याचं काम नंतरवर ढकलता येतं. दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगाला साधारण आठ-दहा मायक्रॉन जाडीचाच थर एका वेळी स्पष्ट दिसतो. त्याच्या वरचं आणि खालचं सारं धूसर. म्हणून वाहतं पाणी छायाचित्रात पकडणाऱ्या यंत्रांना पाण्याची वाट अत्यंत चपटी करावी लागते. आणि वाट चपटी केली की डायटमच्या लांब साखळ्या तिथे अडकतात किंवा मोडतात. होलोग्राममध्ये ती वाट पाच मिलिमीटर ठेवली तरी चालते. एका क्षणी नोंदला जाणारा थर त्यामुळे पाचशेपट जाड होतो, आणि त्या थरातला प्रत्येक जीव आपल्या खोलीसकट येतो. छायाचित्र काढणाऱ्याने जे शटर दाबण्याआधी ठरवायचं ते इथे महिन्याने, वर्षानेसुद्धा ठरवता येतं, आणि नव्या प्रश्नासाठी पुन्हा वेगळं ठरवता येतं. खोलीचा अचूकपणा मात्र आडव्या अचूकपणापेक्षा बराच कमी असतो, आणि जीव मोठा असेल तर आणखी कमी. हे ठाऊक नसलेला माणूस खोलीच्या आकड्यापुढे भराभर दशांश लिहितो.

आता वाहणं. बाहेरच्या माणसाला वाटतं की वाहतं पाणी म्हणजे अडचण, पाणी थांबवता आलं तर बरं. काही अंशी ते खरं आहे. पाणी सेकंदाला दहा सेंटिमीटर जात असेल तर मिलिसेकंदभराच्या उघडझापीत जीव शंभर मायक्रॉन सरकतो, म्हणजे स्वतःच्याच लांबीइतका पुसला जातो; होलोग्रामची बारीक वलयं तर त्याच्या कितीतरी आधी विरतात. पण लेझरची ठिणगी दहा मायक्रोसेकंदांची केली की सरकणं एका मायक्रॉनवर येतं, आणि तिथे प्रश्न संपतो. उलट वाहण्यामुळे एक मोठी सोय होते जी थांबलेल्या पाण्यात मिळत नाही. काचेवरचे डाग, धूळ, लेझरच्या झोतातले जन्मजात पट्टे हे सगळं चित्रागणिक जागच्या जागी राहतं, जीव मात्र पुढे जातात. लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढून ती प्रत्येक चित्रातून वजा केली की स्थिर कचरा निघून जातो आणि वाहणारं तेवढं उरतं. या एका वजाबाकीवर या कलेचा अर्धा डोलारा उभा आहे. कोकणासारख्या उबदार पाण्यात तर ती रोजची गरज, कारण बुडवलेल्या काचेवर काही दिवसांतच शेवाळाचा आणि जिवाणूंचा थर धरायला लागतो. तो थर हळूहळू वाढतो. म्हणून सरासरीही सकाळी एकदा काढून दिवसभर वापरण्याऐवजी सरकती ठेवावी लागते.

वाहण्यातली दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि माझ्या युक्तिवादाला तिचाच खरा आधार आहे. चपट्या वाटेतून पाणी सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. मधलं पाणी सरासरीच्या दीडपट वेगाने पळतं, काचेलगतचं जवळजवळ उभंच असतं. कॅमेरा ठरावीक काळाने चित्र घेत राहिला तर मधला डायटम एकाच चित्रात दिसून निघून जातो, काचेलगतचा मात्र पाच-सात चित्रांत पुन्हा पुन्हा हजेरी लावतो. चित्रांतली डोकी मोजून एकूण पाण्याने भागलं की आकडा फुगतो, आणि किती फुगला हे साध्या छायाचित्रावरून कळायला मार्ग नाही, कारण त्यात खोली नाही. होलोग्राममध्ये प्रत्येक जिवाची खोली आहे, लागोपाठच्या चित्रांतून त्याचा वेग आहे, आणि त्यावरून तो पुन्हा आलेला की नवा हेही ठरतं. थरागणिक हिशेब करता येतो. चित्र वाईट असूनही मोजणी चांगली, ही उलटी वाटणारी गोष्ट इथे खरी होते. पंप कुठे बसवायचा हाही याच हिशेबाचा भाग. पाणी ज्यातून वाहतं त्या काचपेटीच्या आधी तो बसवला तर मोडलेल्या साखळ्यांची मोजणी होते. म्हणून पाणी पेटीतून ओढून घ्यायचं, पेटीत ढकलायचं नाही.

मालवणच्या पाण्याला हे कितपत लागू पडतं? इथे वर्षात पाणी अनेक रूपं घेतं. पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्या डोंगराची लाल माती घेऊन येतात. पावसाळ्याच्या शेवटी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर प्राणवायू कमी असलेलं खालचं पाणी चढून येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात ते वर्षानुवर्षं नोंदलं आहे. थंडीत सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी निवळतं, पर्यटक प्रवाळ पाहायला बुड्या मारतात, आणि कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर पेटतात ते नॉक्टिल्युकाच्या झुंडींमुळे. फेब्रुवारीपासून उन्हाळा संपेपर्यंत वारा पडलेल्या दिवशी पाण्यावर भुशासारखे पिवळट पट्टे दिसतात ते ट्रायकोडेस्मियमचे. यातली शेवटची दोन उदाहरणं जाळीला सर्वांत अवघड. नॉक्टिल्युका अर्धा-एक मिलिमीटरचा, बहुतेक पाणीच भरलेला गोल जीव. फॉर्मॅलिनमध्ये तो आक्रसतो, वेडावाकडा होतो. ट्रायकोडेस्मियमचे तंतू जुड्यांनी राहतात, आणि जुडी मोडली की बरणीत फक्त सुटे तंतू उरतात; मग जुड्या किती होत्या हे कोणी सांगावं? पारदर्शक जीव प्रकाश अडवत नाही, पण वळवतो, आणि होलोग्राम वळलेला प्रकाशच नोंदतो. म्हणून साध्या उजेडात जवळजवळ न दिसणारा नॉक्टिल्युका इथे ठसठशीत दिसतो. अडचण वेगळीच येते. लाटा फुटतात तिथे पाण्यात हवेचे बुडबुडे असतात, तेही गोल आणि त्याच आकाराचे. बुडबुड्याची कड निर्दोष वर्तुळ असते आणि आत काही नसतं. नॉक्टिल्युकाच्या आत एका बाजूला पेशीद्रव्याचा गोळा आणि त्यातून निघालेले धागे असतात, बाहेर एक छोटी शेपटीसारखी सोंड असते. डोळा हे तासाभरात शिकतो. यंत्राला शिकवायला हजारो उदाहरणं लागतात.

रचना राखली तर नवं काय कळतं याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण वॉशिंग्टन राज्यातल्या ईस्ट साउंड या खाडीतलं आहे. आदित्य नायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाण्यात सोडलेल्या होलोग्राफिक यंत्राच्या आधारे दाखवलं की पाण्याचे थर एकमेकांवरून सरकत असतील तिथे डायटमच्या लांब साखळ्या वाटेल तशा लोंबत नाहीत, आडव्या झुकून राहतात. बरणीतल्या साखळीवरून हे कळणं अशक्य. आणि हे केवळ कुतूहल नाही. साखळी आडवी असेल तर तिच्यावर पडणारं ऊन बदलतं, तिने परत फेकलेला प्रकाश बदलतो, आणि समुद्राचा रंग वरून पाहणाऱ्या उपग्रहाला तोच प्रकाश मिळतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहाने पाहून मासळीच्या संभाव्य जागांचे सल्ले देते, ते आपल्या बंदरांपर्यंतही पोचतात. ओशनसॅट मालिकेतला उपग्रह कर्लीच्या मुखासमोर हिरवटपणा दाखवील. तो डायटमचा, नॉक्टिल्युकाचा की मातीचा, हे पाण्यात उतरल्यावाचून कळत नाही. तेवढ्यासाठी पाण्यात उतरलेलं यंत्र पाणी न कालवणारं असावं.

आक्षेप आहेत, आणि ते घेणारे अनेकदा बरोबर असतात. पहिला आक्षेप प्लवकतज्ज्ञांचा: या धूसर आकृतीवरून जात ओळखता येत नाही. खरंच येत नाही. ज्या डायटमची ओळख त्याच्या कवचावरच्या, मायक्रॉनच्या अंशातल्या रेषा मोजून होते तिथे होलोग्राम मुका आहे. त्यात सरळ रचनेच्या होलोग्रामला जुळ्या चित्राचा दोष गॅबरपासून चिकटलेला: खऱ्या आकृतीवर तिचीच एक पसरट सावली पडते. गणिताने ती कमी होते, नाहीशी होत नाही. पण यातून जाळी आणि तज्ज्ञ लागतात एवढंच सिद्ध होतं. वंशापर्यंतची ओळख आणि विश्वासार्ह संख्या यंत्राने द्यावी, जातीचं नाव बरणीने द्यावं. तज्ज्ञांना बाजूला सारण्यासाठी हे यंत्र विकत घेणाऱ्या संस्थेला वर्षभरात नीटनेटके, निनावी आकडे मिळतील आणि त्यांचं काय करायचं हे सांगणारं कोणी उरलेलं नसेल.

दुसरा आक्षेप आकारमानाचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. पाण्यात बुडवायच्या यंत्राच्या एका चित्रात साधारण दोन मिलिलीटर पाणी येतं. लिटरला हजार डायटम असतील तर चित्रात दोन. लिटरला पाच कोपेपॉड, म्हणजे चिमुकले कवचधारी प्राणी, असतील तर शंभर चित्रांत एक. माशाचं अंडं घनमीटरला एक असेल तर पाच लाख चित्रांत एक. साठ सेंटिमीटर तोंडाची जाळी शंभर मीटर ओढली की अठ्ठावीस घनमीटर पाणी गाळून होतं. होलोग्राफी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा सुरमई-बांगड्याची अंडी, कोळंबीची पिल्लं यांचा प्रश्न असेल तर जाळीच ओढावी, वाद नको. जिथे जीव दाट आणि नाजूक असतात तिथलंच हे साधन आहे. शिवाय चार जीव मोजून काढलेल्या आकड्यात पन्नास टक्क्यांची चूक निव्वळ योगायोगाची असते, शंभर मोजले की दहा टक्क्यांची. किती चित्रं घेतली यापेक्षा किती जीव मोजले हे अहवालात आधी लिहायला हवं.

तिसरा आक्षेप गढूळपणाचा. लेझरच्या झोतातला साधारण दशांश भाग कणांच्या सावलीने भरला की वलयं एकमेकांत गुंततात आणि उलगडा बिघडतो. जून-जुलैत कर्लीच्या मुखाशी पाच सेंटिमीटरच्या वाटेतून काहीच दिसणार नाही. उपाय एकच, वाट कमी करायची: पाच मिलिमीटर केली तर सावली दशांशावर येते, आणि पाणीही दशांशावर. म्हणजे गढूळपणावरचा उपाय आकारमानाचा आक्षेप दसपट वाढवतो. यातून पळवाट नाही. विचित्र भाग असा की १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत यांत्रिक होड्या बंदरात असतात, जाळी ओढायला फारसं कोणी जात नाही, उपग्रहापुढे ढग असतात. आणि नद्यांचं खत समुद्रात येतं, वर्षाच्या अन्नाची पायाभरणी होते ती याच दिवसांत. धक्क्यावर बसवलेलं, भरती-ओहोटीचं पाणी आत ओढणारं यंत्र या दिवसांत कमी दाखवील, पण दुसरं कोणी काहीच दाखवत नसताना दाखवील. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आयडोगन ओझकान यांच्या गटाने २०१८ मध्ये असं सहज उचलता येणारं, तासाला शंभर मिलिलीटर पाणी वाहतं ठेवून चित्रं घेणारं यंत्र दाखवलं आहे. तेव्हा धक्क्यावरचं यंत्र म्हणजे खोलीभर सामान असं समजायचं कारण नाही.

राहिला संगणकाला शिकवण्याचा आक्षेप. तिकडच्या थंड समुद्रांतल्या चित्रांवर शिकलेलं वर्गीकरण अरबी समुद्रात आणलं तर ते प्रत्येक अनोळखी आकृतीला आपल्या ओळखीच्या घरात कोंबतं, आणि तेही आत्मविश्वासाने. त्यावर तोड म्हणजे 'माहीत नाही' हे घर मोठं ठेवायचं आणि ते दर महिन्याला माणसाने उघडून पाहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण मला वाटतं, या यंत्राबरोबर जो नवा कारागीर लागतो तो हाच: लेझर जुळवणारा नाही, 'माहीत नाही'च्या ढिगात बसणारा.

मच्छीमार विचारील, रापणीला याचा काय उपयोग? उद्या तारली कुठे लागेल हे यातून कळणार नाही, आणि कळेल असं सांगून यंत्र बसवणं ही फसवणूक ठरेल. केरळच्या किनाऱ्यावर १९५५ मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी फ्रॅजिलेरिया ओशिॲनिका हा डायटम भरपूर असतो तेव्हा तारली भरपूर असते, असा संबंध मांडला होता. तो मालवणात लागू आहे का, हे तपासायला एका जागेवरची, एका रीतीची, अनेक वर्षांची मोजणी लागते. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या हद्दीवरून आणि पर्ससीनवरून भांडणं झाली. त्या भांडणांत मासळीचे आकडे फेकले गेले, पाण्यातल्या अन्नाचे आकडे कोणाच्या हातात नव्हते.

असं यंत्र बसवायचं ठरलंच तर मी जागा किल्ल्यासमोरच्या निवळ पाण्यात घेईन, देवबागला कर्लीच्या मुखाशी नाही, आणि सुरुवात ऑक्टोबरनंतर करीन, म्हणजे गढूळपणाशी झुंजण्याआधी मोजणीवर हात बसेल. पंधरा दिवसांतून एकदा शेजारी जाळीही ओढायची, त्याच पाण्यात. दिवसातून चार वेळा, भरती-ओहोटी उलटताना, दहा-दहा मिनिटं, सेकंदाला एक चित्र. पाच मेगाबाइटचं एक चित्र धरलं तर दिवसाला बारा गीगाबाइट, वर्षाला साडेचार टेराबाइटच्या आत. कच्चे होलोग्राम ठेवायला जागा नाही ही सबब त्यामुळे चालणार नाही. उलगडलेली, कापलेली, नावं दिलेली चित्रं पुसली तरी चालतील, कारण ती पुन्हा काढता येतात.